रुमालाखाली

सांगलीत, विश्रामबागच्या मागे, कॉलेजच्या तळघरात
खिडकीला काळा कागद, त्यावर काळं कापड.
मोबाइल बाहेर. रेडियमचं घड्याळसुद्धा बाहेर.
शिकलगारमामा दार ओढून घेतात:
"आता हाताला हात दिसायचा नाही, बाई. करा सुरू."

जांभळा लेझर. समोर स्फटिक,
चिंचोक्याएवढा,
किमतीला दादांची वर्षभराची हमाली.
प्रकाशाचे कोटी कोटी कण त्यातून सरळ निघून जातात,
कुणाचं काही बिघडत नाही.
एखादाच मधे फुटतो,
एकाचे दोन, निम्म्या निम्म्या ताकदीचे,
तांबड्याच्याही पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे.
एक डावीकडे जातो, एक उजवीकडे.
दोन्ही टोकांना यंत्रं कान देऊन बसलेली.
दोघांची टकटक एकाच क्षणी पडली
तर ती जोडी. तेवढीच मी वहीत धरते.
बाकी सगळी वर्दळ.

सोमवारी आकडा फुगला.
डावीकडे तिप्पट, उजवीकडे तिप्पट,
खऱ्या जोड्या मात्र होत्या तेवढ्याच.
तारा तपासल्या. कापडाची शिवण तपासली.
गणिताला दोष दिला, मग स्वतःला.
रात्री नऊला मामा वाकले.
त्यांच्या आजोबांनी गावोगाव धार लावत आयुष्य काढलं,
धातूवरचा डाग या घराला झोपेतही दिसतो.
"बाई, इथं हिरवं चमकतंय."

स्फटिकाच्या कडेला हळद.
माझ्या ओढणीची.
दुपारी मार्केट यार्डात दादांना डबा देऊन
तशीच आले होते, पोत्यांच्या थप्पीला घासून.
पिवळी धूळ जांभळ्या उजेडात हिरवी पेटलेली.

मला हसूच आलं.
लग्नात दोघांना एकत्र माखणारी ही,
आणि इथं तिचा कण न् कण सडाफटिंग,
जोडीदार नसताना दारं वाजवत हिंडणारा.

घरी सांगितलं तर दादा म्हणाले,
"ते पकडून करायचं काय तुम्ही?"
म्हटलं, जोडीतला एक इथं ठेवायचा,
दुसरा काचेच्या तारेतून मिरजेला धाडायचा.
वाटेत कुणी डोकावलं की जोडी बिघडते,
आणि बिघडली हे आपल्याला कळतं.

दादा भिंतीला टेकले. जरा वेळ गप्प.
"आमच्या टायमाला सौदा रुमालाखाली व्हायचा.
अडत्या आन् व्यापारी, बोटात बोटं.
भोवती शंभर माणूस उभं,
भाव दोघांनाच ठाऊक."
मग खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला,
त्याखाली माझी दोन बोटं दाबली, एक सोडलं, पुन्हा दाबलं,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"किती झाले?" मी विचारलं.
"बोललं की मोडलं," म्हणाले, आणि टॉवेल झटकला.
जेवणाच्या ताटावर थोडं पिवळं उडालं.

आज मंगळवार. ओढणी बाहेर खुंटीला.
हात कोपरापर्यंत धुतलेत, तीनदा.
मिनिटाला चारशे बारा जोड्या.
अंगठ्याच्या नखात अजून आहे थोडी,
तो हात मी खिशात ठेवलाय.