ठराव क्रमांक सात

मला इथे मंत्री म्हणतात.
खातं नाही, गाडी नाही, दिवा नाही;
तलाटी-कम-मंत्री, एवढंच दप्तरी नाव.
बडोद्याहून पादरा, पादऱ्याहून एसटी,
आणि शेवटचे दोन मैल
पुंजाभाई पगीच्या सायकलीच्या कॅरियरवर.
शिर्केभाई, पकडीने बेसजो, म्हणतो तो,
आणि ढाढर नदीकडे वळताना घंटी वाजवतो
रस्त्यावर कोणी नसलं तरी.

आज ग्रामसभा. कोरमला चार माणसं कमी.
पुंजाभाईने थाळी बडवली,
दूधमंडळीच्या रांगेतून तिघांना ओढून आणलं.
चौथा ईदरीसभाई, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून
ओल्या हातांनीच आला,
सहीवर एक थेंब सोडून मागे जाऊन बसला.

शाळेमागचा दिवा : मंजूर. तिसऱ्यांदा.
घरवेऱ्याची थकबाकी : सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघतात, पायाच्या.
तलावातली मगर :
आता कुठून कुठून माणसं येतात,
लिंबाखालून, ओट्यावरून, दाढी अर्धी राहिलेला एकजण.

भूपतसंग म्हणतो, खोडियार माताजीचं वाहन आहे ते,
हात लावाल तर गाव बसेल.
रेवाबेन वणकर उठते, कुणी न विचारता :
मग माताजींना सांग, उतरल्यावर बांधत जा.
हशा. आणि लगेच शांतता,
कारण तिच्या शेळीचं दावं
अजून घाटाच्या तिसऱ्या पायरीशी आहे,
सोडलेलं नाही, तुटलेलं.

वनखात्याचं पत्र मी वाचून दाखवतो.
सदर प्राणी संरक्षित असून
सदर तलाव हा त्याचा अधिवास असून
पंचायतीने सूचनाफलक लावावा.
लावलाय. चारशे ऐंशी रुपये, व्हाउचर एकवीस.
मगरीला वाचता येतं का, रेवाबेन विचारते,
नसेल तर आम्ही दोघी सारख्याच.

जाळीचा अंदाज अठ्ठ्याऐंशी हजार.
शिल्लक अकरा हजार चारशे,
त्यातही मोटरचं वाइंडिंग जळलेलं.
सरपंच जशीबेन पढियार गप्प.
त्यांचे जेठ बोलतात.
मी लिहितो : सरपंचश्रींच्या मते.
जेठांचं वाक्य अलगद त्यांच्या तोंडात ठेवतो.
अकरा वर्षांत हात बसलाय.

घरी मराठी बोलतो, इथे गुजरातीत लिहितो;
बहुतेक शब्द उंबऱ्याशी चपला बदलतात,
गायरानाचं गोचर होतं, घरपट्टीचा वेरा.
ठराव तेवढा दोन्हीकडे ठरावच,
दोन्हीकडे त्याच हिरव्या कपाटात.
ठराव सात : वरिष्ठांना पुन्हा लिहावे. सर्वानुमते.

चारच्या एसटीला वेळ होता.
तलावाकडे गेलो
तर जशीबेन, साडीचं टोक दातांत,
बाभळीची फांजर ओढत होत्या.
मागे रेवाबेन, आणखी सात-आठ जणी;
दोघी नुसत्या तेलाचे डबे बडवायला.
एकीच्या हातात ऑफिसची मोजपट्टी,
गुरुवारपासून मी शोधत होतो ती.
नऊ हात लांब, चार हात पाण्यात,
वेडावाकडा काटेरी चौकोन.
आत एक बाई पाठमोरी, गोधडी आपटत.

मधल्या खांबाला कुठलं लोखंड, मी विचारणार होतो,
तेवढ्यात ओळखला.
फलकाचाच खांब.
पाटी पायरीवर उलटी टाकलेली, तिच्यावर साबण.

हे लिहू नका, मंत्रीसाहेब, जशीबेन म्हणाल्या,
लिहिलंत तर ऑडिट येईल,
आणि ऑडिट आलं की आमचे जेठ येतील.
इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून
मी पहिल्यांदा ऐकलं. वहीत नव्हतं ते.

पलीकडे, गाजरगवताच्या सावलीत,
पाण्याच्या बरोबरीने दोन डोळे.

पुंजाभाई घंटी वाजवत होता.
व्हाउचर एकवीसमधला खांब
आता कुठल्या सदरात दाखवायचा, विचार करत
मी कॅरियरवर बसलो,
पकडून.