ड्रॉवरमागे

बोटभर उघडतो, मग अडतो.
फोनवर वेन्डेल हॉगन एवढंच म्हणाले होते.
दुलूथच्या चढावर त्यांचं घर,
खाली नोव्हेंबरातलं सरोवर, शिशासारखं,
आणि लोहखनिजाचं एक जहाज
पुलाला भोंगा देऊन निघालेलं.

मी बूट दारात काढले, पेटी ओट्यापाशी टेकवली.
कचरा दाबायचं यंत्र, चौऱ्याऐंशी सालचं,
बदामी, ओट्याखाली तोंड लपवून बसलेलं.
पुढच्या पत्र्याला बुटाच्या टोकाचे पोचे.
"लाथ मारली की उघडायचं," ते म्हणाले,
"गेल्या आठवड्यापर्यंत."

आधी प्लग काढायचा.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, कुणी ऐकत नाही.
वरचा दट्ट्या हजार किलोच्या जोरानं खाली येतो;
डबा, बाटली, अंड्याची टरफलं,
त्याला सगळं सारखंच.
मग ड्रॉवरची पुढची कड जरा उचलायची
आणि अडून बसलेलं वासरू ओढावं तसं ओढायचं,
न चिडता.

डावं चाक झिजून चपटं.
रुळात मेपलचा पाक सुकून डांबर झालेला.
हे नेहमीचंच.
पण रूळ वाकला होता, मागून,
काहीतरी रेटा देऊन बसल्यासारखा.
मी पोटावर आडवी झाले, बॅटरी दातांत धरली.

भिंतीलगत, धुळीत, तीन काटे.
जेवणाचे. चांदीचे, दांड्यावर द्राक्षाची वेल.
हात घातला तर आणखी दोन.
आणि एक रुळाखाली रुतलेला, दात वाकलेले.

वर्तमानपत्रावर मी ते ठेवत गेले, एकेक.
हॉगन खुर्चीत बसले.
बराच वेळ फ्रिज तेवढा बोलत होता.

"आर्डिस ताटं खरवडायची," मग म्हणाले,
"खरकट्याबरोबर काटाही जात असणार.
दूध कपाटात आणि बूट ओव्हनमध्ये ठेवायला लागली
ते मला कळलं.
हे नाही कळलं."
थांबले.
"एक मुलगी यायची तिचं करायला. मारिसेला.
काट्यांचं मी तिला विचारलं.
म्हणजे, विचारलं नाही.
एप्रनची घडी करून तिनं इथं ठेवली."
तिथं आता टोस्टर होता.

मी काय बोलणार? मी रूळ सरळ करत होते,
रबरी हातोडीनं, थोडं थोडं.
पत्र्याला एका दमात सरळ करू गेलं की तो तुटतो.
चाकं चारही बदलली;
एकच नवं घातलं तर जुनी तीन त्याच्याशी भांडतात.
ग्रीस नाही लावायचं, ग्रीसला धूळ धरते.
कोरडा सिलिकॉन, दोन फवारे, बस.

काट्यानं काटा काढतात म्हणे.
इथं सहा निघाले
आणि एक आत गेला.

"मागं जाळी लावून देऊ?" मी विचारलं,
"म्हणजे पुन्हा काही पडणार नाही."
"आता कोण टाकणार आहे," ते म्हणाले,
आणि एका बोटानं ड्रॉवर ढकलला.
गेला. ओढला. आला.
"इतका हलका होता हा?"

एकशे चाळीस डॉलर.
चेकवर माझ्या नावाच्या जागी
त्यांनी दोन अक्षरं लिहिली, माझी नसलेली,
खोडली, नवा चेक फाडला.

दोन दिवसांनी फोन.
ड्रॉवर रात्री आपोआप उघडतो म्हणाले.
घर उतारावर आहे तुमचं, मी म्हटलं,
पुढचे पाय अर्धा फेरा वर घ्या, पाना आहे ना?
आहे, म्हणाले. पण फोन ठेवेनात.
मागं त्यांचा नळ वाहत होता, की जहाज होतं कुठलं.

"तुमची जुनी गिऱ्हाइकं," शेवटी म्हणाले,
"घर बदलून गेलेली,
ती तुम्ही शोधता कशी?"

मी पेन घेतलं.
आडनावाचं स्पेलिंग सांगा, म्हटलं.