शावियेरच्या ट्रकातला कप्पा

तिस्क उसगावला, रस्त्याच्या लाल धुळीत माझी शेड.
शावियेर आला कपाळावर टेंगूळ घेऊन :
"तू केलेल्या कप्प्याची कड."
दिवसपाळीचा तो, सहा फूट दोन इंच.
रात्री तोच ट्रक चालवतो बाबुसो वेळीप,
त्याला वरचा डबा काढायला
सीटवर गुडघा टेकावा लागतो.

केबिनच्या छताला दोन पट्ट्या लावल्या, उभी खाच पाडली,
कप्पा हवा तिथं सरकवून नट आवळायचा.
धारबांदोड्याच्या उतारावर
आवळलेलं सगळं सैल होतं,
हे मला कळायला हवं होतं.
सोलकढी शावियेरच्या मांडीवर,
पावतीपुस्तक क्लचखाली.

मग नव्या पट्ट्या. भोकं पाडली, पाच,
दोन-दोन बोटांच्या अंतरानं.
आठ एमएमची पिन, हरवू नये म्हणून साखळीला.
पुढे दीड इंचाची कड, तिच्यावर
सायकलची जुनी ट्यूब चिरून.
वरचं भोक एकाचं, खालचं दुसऱ्याचं.
पाळी बदलली की पिन बदलायची.
सोपं.

सात महिन्यांनी ट्रक आला, दाराच्या बिजागरीसाठी.
सवयीनं माझा हात वर गेला.
पिन तिसऱ्या भोकात. गंजून बसलेली.
"बदलना?"
"कोण बदलतलो रे रोज," शावियेर म्हणाला.
"हांव इल्लो वांकतां, तो इल्लो ताणता."

पाच भोकांची मजुरी घेतली होती मी.
दोन थेंब तेल टाकून पिन हलवली,
पुसली,
आणि परत तिथंच बसवली.