शेरा

शाळेनं फॉर्म पाठवलाय.
वक्तशीरपणा, टापटीप, सहकाऱ्यांशी वागणूक :
प्रत्येकापुढे पाच चौकोन, एकावर फुली मारायची.
सगळ्यात खाली ‘शेरा’,
आणि दोन ओळींची मोकळी जागा.

मेरेट हान्श्के, इयत्ता नववी.
दोन आठवडे कामाचा अनुभव घ्यायला
ग्योर्लिट्झच्या पुलाजवळ माझ्याकडे आली होती.
तीन टेबलं, एक भट्टी,
खिडकीतून नदीपलीकडचं पोलंड.
इथे मी कवळ्या करते.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
माझं बत्तीस वर्षं भरलंय.

पहिल्या दिवशी सात मिनिटं उशीर.
ट्राम चुकली म्हणाली.
ट्राम चुकली नव्हती, दाराबाहेर उभी होती ती,
बेलपर्यंत हात नेऊन परत खिशात घालत.
मी काचेतून बघत होते
आणि मलाही दार उघडायला जाववेना,
कारण सोळाव्या वर्षी अशाच एका दाराबाहेर
मीही उभी होते, बरीच जास्त मिनिटं.
वक्तशीरपणा : मधला चौकोन.

तिच्या स्वतःच्या दातांना तारा,
म्हणून हसणं ओठ मिटून.
प्लास्टर कालवायला दिलं, गुठळ्या झाल्या.
पुन्हा दिलं, पुन्हा झाल्या.
तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, स्वतःच घेतलं.
(याला चौकोन नाही.)

मग हेर किट्टल यांची कवळी आली.
रेल्वे यार्डात शंटिंग करायचे,
आयुष्यभर शिट्टीनं डबे जोडले, डबे तोडले.
मेणात दात बसवायचं काम मी तिला दिलं,
आणि तिनं काय ओळ लावली!
सरळ, पांढरी, जाहिरातीतली.
टापटीप : पहिला चौकोन, डोळे झाकून.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली.
हेर किट्टलनी आरसा धरला,
बराच वेळ धरला.
‘छान आहेत,’ म्हणाले, ‘पण कोणाचे?’
मग ओठ चंबू करून शिट्टी वाजवायला गेले.
नुसती हवा.

मेरेट खाली आली ती गप्प.
डबा उघडला नाही.
त्यांच्या लग्नाचा फोटो मागून घेतला,
एकाहत्तर सालचा, कोपरा दुमडलेला,
आणि भिंग लावून बसली.
समोरच्या दोन दातांत फट. शेजारचा जरा तिरका,
बाकावर सरकून जागा दिल्यासारखा.
तिनं चाकू ज्योतीवर धरला
आणि स्वतःची ओळ मोडली.

मोडताना हात थरथरत होता, हे मी पाहिलं.
काय घालमेल होत असेल,
जिनं दोन वर्षं तोंडात लोखंड घालून घेतलं
अशीच एक फट बुजवण्यासाठी.

नवी कवळी घेऊन हेर किट्टल गेले.
शिट्टी वाजली की नाही, ठाऊक नाही;
त्या दिवशी ग्राइंडर चालू होता.

शेवटच्या दिवशी झाडून घेताना म्हणाली,
‘फ्राऊ नोआक, मला हे काम नाही करायचं.
मला ड्रोन उडवायचेत.’
मी म्हटलं, ‘उडव.’
माझ्यानंतर या भट्टीला कोणी नाही,
पण हे पंधरा वर्षांच्या मुलीला सांगायचं नसतं.

तर टापटीप.
पहिल्या चौकोनावरची फुली खोडली, शेवटच्यावर मारली,
तीही खोडली.
शेरा लिहिला :
‘गरज असेल तिथं वाकडं काम करते.’

शाळेचा फोन येईल बहुतेक.