तिसरा डबा

भुसावळ, रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल.
सत्त्याहत्तरचा मे, आणि पंखे बंद,
कारण मुक्या चित्रपटाला पंख्याचा आवाज चालत नाही
असं फेगडे सरांचं मत.
आम्ही बावीस जण. घामाघूम.

पावतीवर डबे सहा होते, सही माझी.
उघडले तर पाच.
तिसरा नव्हता.

पाट्या फ्रेंचमध्ये. सर शिकवायचे रसायनशास्त्र.
मांडीवर कोश, तोंडात बॅटरी;
एक शब्द सापडेतो खून होऊन जायचा.
"बाईला पत्र आलंय," म्हणायचे,
"जेवणात विष आहे. किंवा मासा."

हा दिग्दर्शक कॅमेरा हलवतच नाही.
तिपाई जमिनीत पुरल्यासारखी.
कुणाच्याच चेहऱ्याजवळ जात नाही,
कुठे बघायचं ते सांगत नाही.
पुढे बाई टोपीची पिन काढते, सावकाश,
आणि मागे, पार मागे, भिंत संपते तिथे
एक दार बोटभर उघडतं.
भर दुपारी. रस्त्यावर स्वच्छ ऊन.
भीती घालायला त्याला अंधार लागत नाही.

धुळ्याचा एक पॉइंट्समन उठून ओरडला,
"ओ बाई, मांगे दख ना!"
बाईने पाहिलं नाही.

तिसऱ्या रिळाच्या जागी सुभान तडवीने
नुसता उजेड चालू ठेवला, मिनिटभर.
आधी माणूस छपरावर होता, काळ्या कपड्यात.
नंतर तोच जेवायला बसलेला, गळ्यात रुमाल,
आणि वाढणारा नोकर वेगळा.
मधे काय घडलं यावर
स्टेशनबाहेर चहाच्या गाडीवर रात्री दोनपर्यंत भांडलो.

मुंबईच्या संस्थेने दंड लावला, दोनशे चाळीस रुपये.
माझ्या पगारातून, चार हप्त्यांत.

परवा संक्रांतीआधी यावलला गेले सुभानकडे.
मोतीबिंदू काढलाय. लोकोशेडचं बोलला,
फेगडे सरांच्या तेराव्याचं बोलला.
सून बिबड्या घेऊन आली,
गोल, चपट्या, पत्र्याच्या डब्यातून.
झाकणावर लाल रंगाच्या तीन उभ्या रेघा.

सुभान बोलत होता.
मागे, पार मागे, परसात, उन्हात,
त्याचा नातू पतंगाला शेपूट बांधत होता,
काळी, चकचकीत, कडेने भोकं असलेली.

मी जागची हलले नाही.
भाजलेली आणखी एक बिबडी घेतली.