खोटं पान

निफाडच्या अलीकडे, कुंदेवाडीच्या शिवारात
खांबावर एक खोटं पान बसवलंय मी.
हिरवं नाही, देठ नाही,
तांब्याच्या दोन कंगव्यांची नुसती नक्षी.
दव पडलं की त्याला कळतं.
किती तास ओलं राहिलो, एवढंच सांगतं ते.
बाकीचं मी जुळवते:
रात्रीचा पारा, कादवेवरचं धुकं,
गोडी छाटणीला झालेले दिवस.

काल पावणेतीनला आकडा लाल झाला.
मेसेज गेला चारशे बारा बागांना:
उद्यावर नको. फवारणी दहाच्या आत उरका.

सकाळी हौसाबाई बोरस्तेंच्या बागेत
पान उलटं केलं.
तेलकट डागामागे डाउनीची पांढरी लव.
म्हणजे ती आत शिरली
पाच-सहा दिवसांपूर्वी,
माझा आकडा हिरवा असताना.

बाई काही बोलल्या नाहीत.
पान खुडलं, पिशवीत घातलं, गाठ मारली.
मग खांबाशी जाऊन
टाचा उंचावून
पदरानं पुसलं ते खोटं पान.
कोळ्यानं जाळं विणलं होतं त्यावर,
सगळं दव जाळ्यातच अडकलेलं.

"ह्याला दिसतच नसंल गं," म्हणाल्या,
आणि पंप भरायला गेल्या.