सुकी, सुकी

धार काढताना आमच्या घरात
म्हशीला म्हणतात, सुकी, सुकी.
कानडीत हा शब्द नाही. मराठीतही नाही.

पणजीच्या सासूनं तिला बघितलेलं:
होनोरा, बेळगावच्या कॅम्पातली,
गोऱ्या शिपायाची बायको, आयर्लंडची.
नवरा पटकीनं गेला.
पलटणीचा कायदा असा की विधवेला सहा महिने शिधा,
तेवढ्यात दुसरा करायचा, नाहीतर बोटीत बसायचं.
तिनं केला. तोही गेला.
तिसरा, सार्जंट, टोपी काढून उभा राहिला तेव्हा
ती आमच्या गोठ्यात, कोपरापर्यंत लोण्यात.
म्हणाली, "नक्को."
तेवढंच तिला नीट यायचं.

मग राहिली. मेसला लोणी घालायची, मीठ जास्त.
बटाटा घरात शिजू द्यायची नाही,
का ते कधी बोलली नाही.
रताळं चालायचं.
मडमांनी चहाला बोलावलं नाही,
आमच्या आळीनं तिची कपबशी वेगळी ठेवली.

परवा शिरगणतीवाला आला, मातृभाषा विचारली.
चौकात पाट्यांवरून भांडण चाललेलं.
मी सांगितली ती त्यानं लिहिली.
आत म्हैस पान्हा चोरत होती.
आईनं तिच्या कुशीला कपाळ टेकलं,
पुटपुटली काहीतरी,
आणि तिनं सोडला.